तुऱ्यावर जाऊ नका, पोट बघा: ॲरिझोनातला गॅम्बेल्स क्वेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये घर, मागे ब्लॉक वॉलने (सिमेंटच्या विटांच्या भिंतीने) बंदिस्त बॅकयार्ड, भिंतीपलीकडे कोरडा वॉश, म्हणजे पावसापुरता वाहणारा ओढा. डोक्यावर पुढे झुकलेला तुरा असलेले गुबगुबीत पक्षी रोज सकाळी भिंतीवरून उतरतात. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई त्याला तित्तर म्हणतात, सॅन होजेचा मेव्हणा कॅलिफोर्निया क्वेल म्हणतो. आणि आता एप्रिलमध्ये पुढच्या दारातल्या जिरॅनियमच्या कुंडीत सात अंडी सापडली आहेत. मादी दिवसभर दिसत नाही, म्हणून तुम्ही इनक्युबेटर मागवायच्या बेतात आहात.

इनक्युबेटर मागवू नका. कारण पुढे येईलच, पण सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी पाळा: कुंडी हलवायची नाही आणि अंड्यांना हात लावायचा नाही.

आता पक्षी. हा गॅम्बेल्स क्वेल, शास्त्रीय नाव कॅलिपेप्ला गॅम्बेली. फिनिक्स, टूसॉन आणि आसपासच्या सोनोरन वाळवंटात बॅकयार्डात दिसणारा तुरेवाला क्वेल जवळजवळ नेहमी हाच असतो. विल्यम गॅम्बेल या फिलाडेल्फियाच्या तरुण निसर्ग अभ्यासकावरून हे नाव पडलं. त्याने १८४३ मध्ये या पक्ष्याचं वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हा तो जेमतेम विशीत होता. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियात विषमज्वराने तो गेला, वय २६. एवढ्याशा आयुष्यात केवढी पायपीट! पश्चिमेकडच्या डोंगरांत वाढणाऱ्या गॅम्बेल ओक या झाडालाही त्याचंच नाव आहे.

ओळखताना बहुतेकांची नजर तुऱ्यावर अडकते. तुरा आहेच तसा. नराच्या कपाळावरून वर येऊन पुढे झुकणारा, काळाभोर, टोकाला जाड, थेट स्वल्पविरामासारखा. पण मेव्हण्याच्या कॅलिफोर्निया क्वेललाही अगदी तसाच तुरा असतो, त्यामुळे तुऱ्याने काहीच सिद्ध होत नाही. पोट बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी तिसऱ्यात नर भिंतीवर आपल्याकडे तोंड करून उभा आहे. त्याचं पोट पिवळट पांढरं आहे आणि मधोमध एक काळा डाग आहे. खवल्यांची नक्षी कुठेही नाही. कॅलिफोर्निया क्वेलच्या पोटावर प्रत्येक पिसाला गडद कड असते, त्यामुळे माशाच्या अंगावर असावेत तसे खवले स्पष्ट दिसतात. दुसरी खूण डोक्याची. गॅम्बेल्सच्या नराचा माथा तांबूस, विटकरी. कॅलिफोर्नियाचा माथा गडद तपकिरी आणि कपाळ फिकट. तिसरी खूण कुशीची. गॅम्बेल्सच्या दोन्ही कुशींवर गर्द तांबूस पट्टा आणि त्यावर पांढऱ्या तिरप्या रेघा असतात. पक्षी झुडपात अर्धा लपला असला तरी हा तांबूस रंग चमकून जातो. कॅलिफोर्नियाच्या कुशी मळकट तपकिरी असतात.

चेहरा दोघांचा सारखाच: काळा, आणि भोवती पांढरी कड. दुर्बिणीशिवाय लांबून तेवढाच दिसतो, आणि म्हणून गोंधळ होतो.

मादीला काळा चेहरा नसतो. ती राखाडी, तुरा आखूड आणि तपकिरी, पोट मळकट पांढरं आणि त्यावर पुसट रेघा. कुशी मात्र तिच्याही तांबूसच. फक्त मादी दिसली तरी कुशीवरून आणि खवले नसलेल्या पोटावरून ओळख पक्की होते. उन्हाळ्याच्या शेवटी थव्यात एकदम खूप माद्या दिसल्यासारखं वाटतं. त्यातली बरीचशी त्या वर्षीची पिल्लं असतात, नरपिल्लांनाही तोवर काळा चेहरा आलेला नसतो. हिवाळ्यात पक्षी हातात घेता आला तर वय ओळखायची एक बारीक खूण आहे: पंखाच्या मोठ्या पिसांची मुळं झाकणारी जी छोटी पिसं असतात, त्यांची टोकं पहिल्या वर्षीच्या पक्ष्यात फिकट पिवळसर असतात, प्रौढात एकसारखी राखाडी. शिकारी लोक आणि वन्यजीव विभागाचे लोक यावरूनच त्या वर्षी किती पिल्लं जगली याचा अंदाज घेतात.

मेव्हणा त्याच्या गावापुरता अगदी बरोबर आहे. सॅन होजेच्या टेकड्यांमध्ये कॅलिफोर्निया क्वेलच असतो, १९३१ पासून तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. दोन्ही जाती सख्ख्या बहिणी म्हणाव्यात इतक्या जवळच्या. दक्षिण कॅलिफोर्नियात वाळवंट आणि किनारपट्टीकडचा भाग जिथे भेटतात, त्या सॅन गोर्गोनियो खिंडीच्या परिसरात त्यांचा संकरही होतो. चँडलर तिथून बरंच दूर आहे.

सासूबाईंचं म्हणणंही वावगं नाही. जमिनीवर चालणारा, धोका वाटला की पळणारा, गुबगुबीत पक्षी म्हटल्यावर साताऱ्याच्या माळावरच्या माणसाला तित्तरच आठवणार. आकाराने गॅम्बेल्स क्वेल आपल्या लाव्याहून बराच मोठा आणि तित्तराहून लहान असतो: सुमारे २५ सेंटीमीटर लांब, वजन साधारण १६० ते २०० ग्रॅम. पण कूळ वेगळं. तित्तर आणि लावा हे कोंबडी-मोराच्या कुळातले. अमेरिकेतले क्वेल ओडोंटोफोरिडी या स्वतंत्र कुळातले आहेत. त्यांच्या खालच्या चोचीची कड किंचित दातेरी असते, ही त्या कुळाची खूण. सारखं राहणीमान असलं की रूपही सारखं होत जातं, त्याचं हे उदाहरण.

ॲरिझोनात आणखी दोन-तीन क्वेल आहेत, पण तुमच्या बॅकयार्डात ते येणार नाहीत. दक्षिण-पूर्वेला विलकॉक्सकडच्या गवताळ मैदानात स्केल्ड क्वेल असतो. त्याचं सगळं अंग निळसर राखाडी खवल्यांचं आणि डोक्यावर टोकाला पांढरा असा उभा झुपका, लोक त्याला कॉटनटॉप म्हणतात. सोनोइटा, पॅटागोनियाच्या ओकच्या टेकड्यांत माँटेझुमा क्वेल. त्याचा चेहरा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांनी रंगवल्यासारखा दिसतो, आणि पळण्याऐवजी तो गवतात दबून बसतो, पाय पडायच्या बेतात असताना उडतो. मास्क्ड बॉबव्हाइट तर अतिशय दुर्मीळ. त्याला वाचवण्यासाठी १९८५ मध्ये मेक्सिकोच्या सीमेजवळ ब्वेनोस आयरेस हे राखीव क्षेत्र केलं गेलं.

सवयींकडे वळू, कारण तुमचं निम्मं कोडं तिथेच सुटेल.

हा पक्षी पायांवर जगतो. उडता येत नाही असं नाही. उडतो तेव्हा पंखांचा फडफडाट करत एकदम वर उसळतो, थोडं अंतर पंख ताठ ठेवून तरंगतो आणि पुन्हा झुडपात शिरतो. त्याच्या छातीचे स्नायू झटक्यासाठी आहेत, पल्ल्यासाठी नाहीत. दोन-तीनदा लागोपाठ उडावं लागलं की दमतो. म्हणून शक्यतो तो पळतो, आणि पळतो ते झुडपाच्या आडोशाने. रस्ता ओलांडताना बघा: एक जण कडेला थांबून मान उंच करून अंदाज घेतो, मग एकामागून एक सगळे मान पुढे काढून धावत पलीकडे जातात. पाय इतके जलद हलतात की वेगवेगळे दिसतच नाहीत.

त्यामुळे हा पक्षी कुठे असेल हे ठरतं आडोशावरून. मेस्किट, पालो व्हर्डे, हॅकबेरी या झाडाझुडपांची दाटी आणि मधेमधे मोकळी जमीन, ही त्याची जागा. वॉशच्या काठाला नेमकं हेच असतं. मेस्किट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची अमेरिकेतली भाऊबंद. महाराष्ट्रात आपण तिला शिव्या देतो, इथे मात्र तिच्या शेंगा, सावली आणि काटे यांवर अर्धं वाळवंट जगतं. नव्या वसाहतींत सगळीकडे नुसती खडी पसरून मधे दोन निवडुंग लावलेले असतात. अशा ठिकाणी क्वेल दिसत नाही. तुमच्याकडे दिसतो त्याचं श्रेय भिंतीपलीकडच्या वॉशला आणि तुमच्या न छाटलेल्या लँटानाच्या झुडपाला.

रात्री मात्र तो जमिनीवर नसतो. संध्याकाळी थवा काटेरी, दाट झुडपात किंवा ठेंगण्या झाडात चढतो आणि तिथेच झोपतो. दिवस मावळताना वॉशकडून गलका ऐकू येतो तो जागा पकडण्याचा. लोक फेब्रुवारीत मोठ्या उत्साहाने सगळी झुडपं कापून गोल गोल चेंडू करून टाकतात, आणि मग पक्षी का गेले म्हणून विचारतात.

आवाज तीन ओळखता आले तरी पुरे. थवा पांगला की एकमेकांना गोळा करायची हाक: चि-काऽ-गो-गो. शिकागो शहराचं नाव कोणी घाईत घ्यावं तशी ऐकू येते, म्हणूनच ती लक्षात राहते. धोका दिसला की चिप-चिप-चिप असा तुटक, वाढत जाणारा आवाज; मांजर कुठे आहे हे मला बऱ्याचदा या आवाजावरूनच कळतं. तिसरा आवाज वसंतातला. भिंतीवर किंवा झाडाच्या शेंड्यावर एकटा नर बसून मधूनमधून एकच लांब 'काऽऽ' काढतो. हा बहुधा जोडीदार नसलेला नर. ज्याची मादी सोबत आहे तो इतका ओरडत नाही. ॲरिझोनाचा वन्यजीव विभाग वसंतात ठरलेल्या रस्त्यांवर पहाटे अशाच हाका मोजतो आणि त्यावरून येत्या हंगामाचा अंदाज बांधतो.

वर्षाचं चक्र असं. शरद ऋतूपासून हिवाळाभर थवे, एकेका थव्यात वीस-चाळीस पक्षी. फेब्रुवारी-मार्चपासून जोड्या जमायला लागतात, नरांची भांडणं होतात, थवा फुटतो. मार्च ते जून अंडी-पिल्लं. पिल्लं मोठी झाली की कुटुंबं एकमेकांत मिसळत पुन्हा थवे. तुमच्याकडे 'हिवाळ्यात तीस यायचे, आता दोनच येतात, बाकीचे मेले का' असा प्रश्न आहे त्याचं उत्तर हेच. मेले नाहीत, जोडीने पांगलेत.

इथे पावसाबद्दल बोलायला हवं. मराठी माणसाच्या डोक्यात पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर. सोनोरन वाळवंटात पाऊस दोनदा येतो. एक उन्हाळ्यातला, वादळी, त्याला इथले लोकही मान्सूनच म्हणतात. दुसरा हिवाळ्यातला, प्रशांत महासागराकडून येणारा, रिपरिप पडणारा. गॅम्बेल्स क्वेलचं सगळं गणित या दुसऱ्या पावसावर आहे. ऑक्टोबर ते मार्च पाऊस चांगला झाला की फेब्रुवारीत जमिनीवर कोवळी हिरवळ उगवते: ल्युपिन, फिलारी, जंगली द्विदल वनस्पती. क्वेल ती भराभर खातात. त्या पाल्यातून त्यांना 'अ' जीवनसत्त्व मिळतं आणि प्रजननाची इंद्रियं वाढीला लागतात. १९६० च्या दशकात ॲरिझोनात झालेल्या अभ्यासात पक्ष्यांच्या यकृतातलं 'अ' जीवनसत्त्व आणि त्या वर्षीची पिल्लावळ यांचा असा संबंध दिसला. हिवाळा कोरडा गेला तर जोड्या कमी जमतात, अंडी कमी पडतात, आणि फारच कोरडा गेला तर काही थवे फुटतच नाहीत, ते वर्ष तसंच जातं. गंमत अशी की शेजारचे स्केल्ड आणि माँटेझुमा क्वेल उन्हाळ्यातल्या पावसावर अवलंबून आहेत. एकाच राज्यात एका जातीचं सुगीचं वर्ष दुसरीचं दुष्काळी असू शकतं.

म्हणून या वर्षी तुमच्या कुंडीत अंडी आहेत याचा एक अर्थ असा की जोडीला पुरेसं हिरवं खायला मिळालं. वॉशमध्ये मिळालं असेल, किंवा तुमच्या ठिबकच्या पाण्यावर वाढलेल्या तणातही.

खाण्याचं एका परिच्छेदात सांगतो. मुख्य आहार बिया आणि पाला. जून-जुलैमध्ये सवारो निवडुंगाची लाल फळं पडतात त्यावर ताव. फड्या निवडुंगाची बोंडं, मेस्किटच्या शेंगांतले दाणे. पिल्लांना पहिले काही आठवडे किडे-मुंग्या लागतात, त्याशिवाय ती वाढत नाहीत. पाणी समोर असलं तर पितात, जूनच्या उकाड्यात तर रोज येतात. पण हिरवा पाला, फळं आणि किडे यांतून बरंचसं भागवूनही घेतात. दुपारी ४३-४४ अंश तापमानात ते कुठेतरी सावलीत चोच उघडी टाकून, गळा थरथरवत बसलेले असतात. दिसत नाहीत म्हणजे गेले असं नव्हे. मधेच कोरड्या मातीत खड्डे करून अंगावर धूळ उडवत लोळतात. फुलझाडांच्या वाफ्यात बशीएवढे गुळगुळीत खळगे दिसले तर ते यांचेच.

आता कुंडी.

वाळवंटात यांचं घरटं म्हणजे झुडपाच्या किंवा निवडुंगाच्या बुडाशी उकरलेला उथळ खळगा, त्यात गवत, काटक्या, चार पिसं. कुंडी त्यांना आवडते कारण माती मऊ, वर पानांचं छत, आणि दाराजवळ माणसांची वर्दळ असल्याने कोयोट (इथला कोल्ह्यासारखा प्राणी) येत नाही. फिनिक्समध्ये हे अगदी नेहमीचं आहे, कधी टांगलेल्या कुंडीतही घालतात.

मादी साधारण रोज एक, मधे एखादा दिवस खाडा, अशी अंडी घालते. एका वेताला दहा-बारा होतात, कधी त्याहून जास्त. कधीकधी दुसरी मादीही त्याच घरट्यात येऊन घालून जाते. सगळी घालून होईपर्यंत ती उबवायला बसत नाही. अंडं घालायला येते, थोडा वेळ बसते आणि निघून जाते. तुमच्याकडे सात आहेत, म्हणजे तिचं काम अजून चालू आहे. कुंडीवर दिवसभर कोणी नाही याचा अर्थ टाकून दिली असा नाही. अंडी मळकट पांढरी, वर तपकिरी डाग, मातीवर सहज मिसळून जातात. तिच्या गैरहजेरीत त्यांचं संरक्षण तेवढंच.

वेत पूर्ण झाला की मग ती बसेल आणि २१ ते २३ दिवस बसेल. सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ नराबरोबर चरायला जाईल, बाकी हलणार नाही. नर आसपास भिंतीवर, छपरावर पहारा देतो. उबवताना मादी मारली गेली तर क्वचित नर स्वतः बसतो, अशा नोंदी आहेत. म्हणजे तुमचा हिशेब पहिल्या अंड्यापासून सुमारे पाच आठवड्यांचा धरा. जिरॅनियम तेवढं सोसेल. पाणी घालायचंच असेल तर ती चरायला गेल्यावर, कुंडीच्या कडेला, हळूच, थोडं. अंडी पाण्यात बसता कामा नयेत. पुढच्या दाराऐवजी गॅरेजचं दार वापरता आलं तर फार बरं. मादी माणसांच्या येण्याजाण्याला सरावते, पण वाकून मोबाईल आत खुपसणाऱ्या पाहुण्यांना सरावत नाही.

इनक्युबेटर का नको? पहिलं कारण कायद्याचं. ॲरिझोनाच्या कायद्यात पक्ष्यांची घरटी-अंडी काढून नेणं आणि घरट्यावरच्या पक्ष्याला त्रास देणं परवानगीशिवाय मना आहे. हा शिकारीचा पक्षी आहे, हिवाळ्यात परवाने काढून लोक त्याची शिकार करतात, तरीही अंड्यांबाबत सूट नाही. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. यंत्रातून पिल्लं बाहेर येतील, पण पुढे काय? काय खायचं, ससाण्याची सावली दिसली की कुठे दबायचं, रात्री कुठल्या झुडपात चढायचं, हे सगळं ती आईबापांच्या मागे पळत शिकतात. तुम्ही वाढवलेली पिल्लं तुमच्यामागे पळतील.

फुटायच्या आधी पिल्लं आतूनच किणकिणायला लागतात, आई हलक्या आवाजात उत्तर देते, आणि सगळी अंडी जवळजवळ एकाच वेळी फुटतात. अंगावरची लव वाळली की त्याच दिवशी पिल्लं घरटं सोडतात. हा दिवस तुमच्या हातातून निसटण्याची शक्यता मोठी आहे, सकाळी असतात आणि दुपारी कुंडी रिकामी. आईबाप खालून हाका मारतात आणि मुठीत दोन मावतील एवढी पिल्लं कुंडीच्या काठावरून खुशाल उड्या टाकतात. त्यांना काही होत नाही. खाली पायघडी घालायची गरज नाही.

खरा धोका पुढे आहे, आणि तो तुमच्या बॅकयार्डाच्या रचनेत आहे. पिल्लांना थोडं उडता येतं ते साधारण दहा दिवसांनी. तोवर ती बॅकयार्डात शिरली तर ब्लॉक वॉल त्यांना चढता येत नाही. आईबाप भिंतीवर जाऊन हाका मारत बसतात आणि पिल्लं खाली भिंतीला समांतर धावत राहतात. त्या दिवशी वॉशच्या बाजूचं गेट उघडून ठेवा आणि आत जा. खरोखर आत, पडद्याआड. घरच्या लोकांनी मदतीला हात पसरून मागे धावणं हे कावळ्या-मांजराइतकंच घातक आहे, कारण पिल्लं मग चारी दिशांना फुटतात. स्विमिंग पूल असेल तर पाण्यातून वर येणारी एखादी खरबरीत फळी तिरपी लावून ठेवा. पूलमध्ये बुडून दर वर्षी पिल्लं जातात. ड्रेनच्या जाळीची भोकं मोठी असतील तर वर बारीक जाळी टाका.

एखादं पिल्लू मागे राहिलं तर लगेच उचलू नका. झुडपाखाली सावलीत असेल तर लांबून बघत राहा, आईबाप त्याच्या आवाजावर परत येतात. पाण्यात पडलेलं, गारठलेलं किंवा मांजराने पकडलेलं असेल तरच खोक्यात, उबेला ठेवून वन्यजीव पुनर्वसन केंद्राकडे न्या. फिनिक्समध्ये लिबर्टी वाइल्डलाइफ ही संस्था हे काम करते. मांजराचा दात लागला असेल तर जखम दिसत नसली तरी न्या, त्या जखमा आत चिघळतात.

दहा पिल्लांची चार, मग दोन झालेली बघायची तयारी ठेवा. कूपर्स हॉक (शिकऱ्यासारखा शिकारी पक्षी), रोडरनर (जमिनीवर पळत शिकार करणारा पक्षी), साप, बॉबकॅट (मोठं रानमांजर), मांजरं, सगळ्यांना हे पक्षी लागतात. जन्मलेल्यांतली बहुतेक दुसरा वसंत बघत नाहीत. म्हणूनच तर एका वेताला एवढी अंडी.

अंडी एखाद्या सकाळी नाहीशी झाली तर कवचं वाचा. पिल्लू बाहेर आलं असेल तर अंड्याचं जाड टोक गोल कापल्यासारखं निघालेलं असतं, आणि बहुधा ते झाकण आतल्या पापुद्र्याच्या बिजागरीला लटकलेलं असतं. वेडीवाकडी फुटलेली, बलक सांडलेली कवचं म्हणजे कोणा प्राण्या-पक्ष्याचं काम. आणि काहीच उरलं नसेल, माती जशीच्या तशी असेल, तर साप. गोफर स्नेक, किंगस्नेक अंडी अख्खी गिळतात. शहराच्या कडेला हीला मॉन्स्टर ही मोठी विषारी पाल सुद्धा. तो दिसला तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

शेवटचा प्रश्न दाण्यांचा. सासूबाई रोज मूठभर बाजरी टाकतात, चालेल का? बाजरी चालेल, क्वेल आवडीने खातात. उरलेला भात, फरसाण, पोळीचे तुकडे नकोत. रोज एकाच जागी ढीग टाकू नका. कूपर्स हॉकला ती जागा दोन दिवसांत कळते, आणि उरलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, त्यांच्यामागे साप. जागा बदलत, झुडपापासून दोन-चार पावलांवर, अर्ध्या तासात संपेल एवढंच टाकावं. उथळ बशीत पाणी ठेवलंत तर बाजरीहून जास्त उपकार होतील. बशी रोज घासून धुवा, आणि आत एक चपटा दगड ठेवा म्हणजे पिल्लू पडलं तरी बाहेर येईल.

आणि तुमच्या पेस्ट कंट्रोलवाल्याला मे-जूनचा फवारा टाळता येतो का ते आत्ताच विचारा. पिल्लांचं पहिल्या आठवड्यांचं जेवण तो मारतो. घरात विंचू निघत असतील तर तो उंबऱ्यापुरता आणि दारांच्या फटींपुरता मारायला सांगा, वाफे तेवढे सोडून द्या.